टपालकाका, दगडूमामा कधी येणार?

‘तुमच्या गोष्टीपायी माझ्या गिरणीत बाया वाकून बघायला लागल्यात. एखादीचा पदर पट्ट्यात गेला तर जबाबदार कोण? टपालकाका, तुम्ही, का तुमचा तो चित्रकार?’

हे पत्र एका खऱ्याखुऱ्या गिरणीवाल्याचं आहे. पाठीमागं पीठ लागलेला अंगठाही उमटलाय. मला ते काचेत बसवून टेबलामागं लावायचं होतं, पण आमचे मालक म्हणाले, ‘बाई, लोक बक्षिसं लावतात, तुम्ही शिव्या कसल्या लावता?’ निवृत्त झाले तेव्हा टेबलाच्या खणातून एवढं एकच पत्र मी घरी घेऊन आले.

टपालकाका म्हणजे मीच. साडी नेसणारी, गुडघे दुखणारी, तोंडानं जरा फटकळ बाई. बीडच्या एका पाक्षिकात माझी तीसेक वर्षं गेली. पाक्षिकाचं नाव सांगत नाही. मालक अजून ठणठणीत आहेत आणि त्यांचा आवाजही. मी लागले तेव्हा वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारे एक खरेच काका होते. ते महिनाभरात मुलाकडं पुण्याला निघून गेले. मालक म्हणाले, ‘बाई, काम तुम्ही करा, पण नाव तेच राहू द्या. वाचकांना सवय झालीय.’ तेव्हापासून मी काका. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. ‘पोरीला मिशा फुटल्या,’ असं ती पाहुण्यांना सांगायची.

पत्रांना उत्तरं देणं म्हणजे काय मोठं काम, असं लोकांना वाटतं. बसून तर बघा! टपाल आलं की आधी तीन ढीग करायचे: शाबासकी, शिव्या आणि शंका. शाबासकीच्या पत्राला दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हायचं. शिव्यांचं पत्र मात्र जपून ठेवायचं, कारण शिव्या देणारा माणूस पुढचा अंक हमखास घेतो; आपल्या शिव्या छापून आल्या का ते त्याला बघायचं असतं. आणि शंकेच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. शंका काढणाऱ्यानं पान वाचलेलं असतं, नुसतं चाळलेलं नसतं. पुढं पोस्टकार्डं कमी झाली आणि फोनवर आवाजी निरोप यायला लागले, तरी ढीग तीनच राहिले. फक्त ते मी वहीत लिहून घ्यायचे.

तर आता गिरणीकडं वळते.

रज्जाकभाई मुळात पाट्या रंगवणारे. किराणा दुकान, केशकर्तनालय, शाळेची भिंत, ट्रकचा पाठीमागचा फळा, सगळीकडं त्यांचं अक्षर. मग फ्लेक्स आला आणि बघता बघता त्यांचा ब्रश कोरडा पडला. एकदा आमच्या ऑफिसची पाटी पुन्हा रंगवायची का, असं विचारायला ते आले. मालक म्हणाले, ‘आता फ्लेक्सच लावू बे रज्जाक, जमाना बदलला.’ रज्जाकभाई माझ्या टेबलाशी पाणी प्यायला बसले आणि पाठकोऱ्या कागदावर रेघोट्या मारत राहिले. मी सहज बघितलं. एक बाई पिठाच्या गिरणीच्या तोंडात ज्वारी ओततेय आणि खालच्या डब्यात पिठाऐवजी मागचा मंगळवार पडतोय. ताजा, गरम, वाफा निघत असलेला.

‘अगं बाई, हे काय?’ मी म्हटलं.

‘कळंना मलाबी,’ ते म्हणाले. ‘पण पडतोय खरा.’

तो कागद मी तसाच मालकांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. सहाव्या पानावर जागा रिकामी होती म्हणून छापला गेला. ‘गोदामामीची गिरणी’ अशी सुरू झाली.

गोष्टीतली जादू साधी होती. गिरणीच्या तोंडात ज्या काळचं धान्य टाकाल, त्या काळात तुम्ही जाऊन पडता. गेल्या वर्षीची ज्वारी टाकली तर गेलं वर्ष. जुन्या पेवातली, म्हणजे जमिनीखाली साठवलेली आज्याच्या वेळची ज्वारी टाकली तर आज्याचा काळ. आणि हुरडा टाकला तर पुढचा काळ, कारण हुरडा म्हणजे अजून पुरतं न झालेलं धान्य. गिरणी चालवायची गोदामामी. तिचा नवरा दगडूमामा. गावाला एक सरपंच, त्याच्या मानेवर डोक्याच्या जागी बादली, आणि ती कायम रिकामी. शिवाय कायद्याचं बोलणारी एक शेळी. त्या पहिल्या चित्रानंतर खरी गोष्ट मामा-मामीच्या लग्नापासून सुरू झाली, कारण गिरणी मामीला माहेराहून आंदण आली होती.

रज्जाकभाईंच्या दोन अटी होत्या. एका पानावर एकच मोठं चित्र. ‘पाटीला एकच चौकट असती, बाई. बारक्या बारक्या चौकटीत माझा हात अवघडतो.’ आणि दुसरी अट, पानावर भाग पहिला, भाग दुसरा असं काही टाकायचं नाही. ‘हे पान काळात फिरायलंय. त्याला नंबर कावून टाकायचा?’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही दुसरी अट पुढं केवढी महागात पडणार होती, ते तेव्हा कळलं असतं तर मी स्वतःच्या हातानं नंबर घातले असते.

पहिल्या चार-सहा अंकांनंतर माझ्या टेबलावर टपालाचा पाऊस पडायला लागला. गिरणीवाल्याचं पत्र तेव्हाचंच. पुढच्या अंकात आम्ही सूचना छापली: ‘गोदामामीची गिरणी फक्त कागदावर चालते. खऱ्या गिरणीत कृपया वाकू नये.’ त्यावर एका आजीनं नातवाकडून लिहून घेतलेलं पत्र आलं: ‘पदर खोचून जाऊन आले. काही दिसलं नाही. लग्नातली ज्वारी मूठभर उरली आहे, ती टाकली तर चालेल का?’ काय उत्तर देणार? मी लिहिलं, ‘आजी, ती जपून ठेवा. परत मिळायची नाही.’

आष्टीचे एक निवृत्त गुरुजी दर अंकाला लाल शाईनं गुण पाठवायचे, दहापैकी. एकदा त्यांनी कळवलं, ‘गिरणी आज्याच्या काळात गेली. तेव्हा गावात वीज नव्हती. मग गिरणी चालली कशी? गुण तीन.’ मी घाबरत रज्जाकभाईंना दाखवलं. ते दिलखुलास हसले. पुढच्या चित्रात आजच्या खांबावरून एक तार निघाली होती, ती गिरणीच्या तोंडातून थेट आज्याच्या काळात गेली होती, आणि तिथं धोतरातली माणसं वायरमनला घेरून उभी होती. वायरमन ओरडत होता, ‘काळाच्या तारेवर आकडा कुणी टाकला?’ गुरुजींनी नऊ गुण दिले. एक गुण का कापला ते कळवलं नाही, आणि त्याचं रज्जाकभाईंना वर्षभर वाईट वाटत राहिलं.

बादलीडोक्या सरपंचाची तर वेगळीच तऱ्हा. तीन वेगवेगळ्या गावांचे सरपंच एकामागून एक ऑफिसात येऊन गेले. ‘हे चित्र माझंच हाय, कुणी सांगितलं तुमाला काढायला?’ प्रत्येकाला खात्री. तिघांनाही मी चहा पाजला आणि ‘अहो साहेब, तुमची बादली इतकी रिकामी कुठं आहे?’ असं म्हणून वाटेला लावलं. चौथे आले ते लिंबागणेशच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. ते खुर्चीवर बसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘बाई, आमच्या गावात लोक म्हणतेत त्यो मी न्हाई. कावून न्हाई? माझं काय कमी हाय?’

असं मजेत चाललं होतं. आणि मग दसऱ्याच्या आधीच्या अंकात रज्जाकभाईंनी दगडूमामाला घालवलं.

त्याच्या आदल्या अंकात मामा-मामीचं भांडण झालं होतं. मामी उलथनं उगारून म्हणत होती, ‘घराकडं लक्ष हाय का तुमचं?’ मामाला पुढच्या साली पाऊस आहे का ते बघायचं होतं. म्हणून या अंकात त्यानं हुरडा टाकला आणि स्वतः गिरणीच्या तोंडात शिरला. चित्र अजून डोळ्यांसमोर आहे: मामा कमरेपर्यंत गिरणीत, एक हात वर, तोंडावर हसू, आणि मामीला सांगतोय, ‘गोदे, तवा ठेव चुलीवर!’

बस्स. पुढच्या अंकात मामा नाही. त्याच्या पुढच्या अंकातही नाही. शेळी बोलतेय, सरपंचाची बादली वाजतेय, गोदामामी दळण दळतेय, पण मामाचा पत्ता नाही.

आष्टीच्या गुरुजींनी ‘भाद्रपदात हुरडा कुठून आणला? गुण दोन’ असं लिहिलं. मी उत्तर दिलं, ‘पुढच्या माघातून आणला, म्हणूनच तर तो पुढं नेतो.’ तेवढ्यावर ते शांत झाले. बाकी कुणी शांत होईना. एका तरुण मंडळानं दगडूमामाला परत आणावं असा रीतसर ठराव करून शिक्क्यासह पाठवला. एका ज्योतिष्यानं मामाची जन्मवेळ मागवली. एका बाईनं लिहिलं, ‘गोदामामीच्या कपाळावरचं कुंकू नीट काढत जा. आम्ही भिंगातून बघतो आहोत.’ सकाळी ऑफिसचं कुलूप काढलं की पहिला फोन तोच: ‘टपालकाका, दगडूमामा कधी येणार?’

मी रज्जाकभाईंना म्हटलं, ‘आणा की हो त्याला. तुमच्या हातातलं आहे.’

ते ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, आमचा सलीम हैदराबादेला गेलता. थोरला भाऊ माझा. जाताना असाच दारात उभा राहून अम्मीला म्हनला, तवा ठेव, आलोच. तीस वर्सं झाली. अम्मी गेली. जो गेला तो येत न्हाई. लोकांला खोटं कावून सांगू?’

 दिवसाला पन्नास उत्तरं लिहिणारी बाई मी, त्या वेळी उठले आणि दोन चहा सांगून आले.

संक्रांत झाली आणि मालकांचा धीर सुटला. दोघांना समोर बोलावून म्हणाले, ‘पाडव्याच्या अंकात मामा आला पायजे. न्हाई आला तर ते पान बंद. क्लासची जाहिरात तयार हाय, ती लावतो.’ रज्जाकभाईंनी फक्त मान हलवली, म्हणजे नाही आणणार. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, ‘अहो, फ्लेक्सनं भिंती नेल्या, आता हे एक पान उरलंय, तेही घालवता का?’ ते म्हणाले, ‘गेलं तर गेलं.’ पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ब्रश नसलेले रज्जाकभाई मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

आता द्वारकेची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

दसऱ्याच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पाडव्यापर्यंत परत येत नाहीत. त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी शिरूर कासारकडची एक तिशीतली बाई ऑफिसात आली. ‘रद्दी हाय का? कोपीत खाली अंथरायला पायजे.’ कोपी म्हणजे उसाच्या फडाशेजारची त्यांची खोपटी. आमच्याकडं विकल्याविना परत आलेले अंक पडलेलेच असतात. मी वर्षभराचे अंक सुतळीनं बांधून दिले. परतीचा गठ्ठा बांधायची आमची पद्धत ठरलेली: ताजा अंक सगळ्यात वर आणि जुना सगळ्यात खाली, म्हणजे हिशोबनिसाला वरून मोजता येतं. तसाच बांधला. ती बाई म्हणजे द्वारका.

दिवाळीनंतर तिचा पहिला आवाजी निरोप आला. मागं बैलांच्या घंटा वाजत होत्या.

‘काका, राम राम. मी द्वारका बोलतीय, फडातून. दगडूमामा गिरणीतून भाईर आलं, तर त्याच्या अंगाला पीठ कावून न्हाई? आमच्या टोळीत त्याच्यावरून लई वाद पेटलाय.’

आमच्याकडं मामा गेला म्हणून रडारड चालू आणि ही म्हणते बाहेर आला! त्या दिवशी माझ्या टेबलावर शिव्यांचा ढीग मोठा होता. मी फणकाऱ्यानं टाइप केलं: ‘आपण अंक नीट वाचावा. दगडूमामा अद्याप बाहेर आलेले नाहीत.’ वाचकाला असं कधी लिहू नये. मी लिहिलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

महिन्यानं दुसरा निरोप. ‘काका, मामीनं मामाला लई झाडलं, बरं केलं. इतक्या दिसांनी घरी आलेल्या माणसाला आदी झाडायचंच असतं, मंग जेवाय वाढायचं.’ मागं बायका खदखदून हसत होत्या. या वेळी मी जरा मऊ आवाजात, बोलून उत्तर पाठवलं. लगेच पलीकडून आरोळी आली: ‘आगं बया! काका तर बाई निघाली!’ तरी पुढंही ती मला काकाच म्हणत राहिली.

आणि मालकांनी दम दिल्यावर काही दिवसांतच तिसरा निरोप आला. ‘काका, मामाचं लगीन लागलं! आमी उसाच्या शेंड्याची, वाढ्याची पानं तोडून अक्षता टाकल्या. गाडीवाला म्हनला, कुणाचं लगीन हाय गं? मी म्हनलं, दगडूमामाचं!’ तिच्या मागं अख्खी टोळी मंगलाष्टकं म्हणत होती, बेसूर, पण जीव लावून.

मी फोन हातात धरून बसले. मामा बाहेर आला, मग भांडण, आणि शेवटी लग्न? सहज नजर कोपऱ्यातल्या परतीच्या गठ्ठ्यांवर गेली. ताजा वर, जुना खाली. कपाळ माझं! ते लोक गठ्ठा वरून वाचत गेले होते. पानाला नंबर नाही, एकच चित्र. मामा कमरेपर्यंत गिरणीत दिसतोय, आत चाललाय का बाहेर येतोय ते कुणी सांगावं? मी त्या कष्टकरी माणसांना अख्खी गोष्ट उलटी वाचायला लावली होती, आणि वर ‘अंक नीट वाचावा’ असं सुनावलंही होतं.

पाडवा जवळ आला. त्या साली द्वारकेची टोळी लवकर परतली. मी सगळे अंक गोळा केले, या वेळी जुना वर आणि ताजा खाली असा सरळ गठ्ठा बांधला आणि शिरूरची एसटी धरली. पुढं वस्तीपर्यंत जीप. द्वारका अंगणात सामान सोडत होती. तिची सासू, जिच्यापाशी लेकरं ठेवून ती दरवर्षी जायची, दारात बसली होती. मी गठ्ठा पुढं केला आणि एका दमात माफी मागून टाकली. चूक माझी, बांधणी उलटी झाली, तुम्हाला गोष्ट भलतीच कळली, हा घे सरळ गठ्ठा.

द्वारका कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग हसायलाच लागली.

‘आवो काका, वरच्या पानावर तारीख छापता ना तुमी? मी धाव्वी पास हाय.’

‘म्हणजे?’

‘पैल्याच दिशी कळलं. मीच इचारलं टोळीला, गठ्ठा उलटा हाय, सरळ करू का? सरळ लावला तर काय व्हतंय? लगीन व्हतंय, भांडण व्हतंय, आन् शेवटाला माणूस जातो. समदे म्हनले, नगं. आमी तर जातोच की दरसाल. लेकरं आत्याबाईपाशी ठिवायची, कुलूप लावायचं, जायाचं. आता तितं उसात बसून आनखी एक जाणारा कशाला बघायचा? उलटं वाचलं का माणूस येतो. त्याला झाडाय भेटतं. आन् सरतेशेवटी लगीन.’

 तीस वर्षं लोकांच्या शंका वाचणारी मी, मला वाटलं होतं यांना कळलं नाही. माझे डोळे भरून आले आणि स्वतःचा रागही आला.

‘आन् एक सांगू का,’ द्वारका म्हणाली, ‘पीठ कावून न्हाई ते तुमी सांगितलंच न्हाई. गिरणीतून आलेल्या माणसाला पीठ नगं का?’

सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘बसा, भाकरी खाऊन जावा. काका म्हनं!’ आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रज्जाकभाई ऑफिसात आले ते निरोप घेण्याच्या बेतानंच. ब्रश पिशवीत भरलेले. मी म्हटलं, ‘आधी हे ऐका.’ द्वारकेचे तिन्ही निरोप एकामागून एक लावले. मग ती अंगणात काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. मंगलाष्टकांचा निरोप त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग अजून एकदा. चष्मा काढून बाहीनं पुसला.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘सलीम जायच्या आदी आमी दोघांनी मिळून एका सर्कशीची पाटी रंगवलती. त्यानं हत्तीला चुकून पाच पाय काढले. आमी किती हसलो! इतक्या वर्सांत मला ते आठवलंच न्हाई. मी नुसतं दारातलंच बघत बसलो.’

पिशवीतून ब्रश बाहेर आले. त्यांनी दसऱ्याच्या आधीचं तेच चित्र पुन्हा काढायला घेतलं. तोच मामा कमरेपर्यंत गिरणीत, तोच वर केलेला हात, तेच हसू, तेच शब्द, ‘गोदे, तवा ठेव चुलीवर!’ शेवटी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि मामाच्या मिशांवर, भुवयांवर, खांद्यांवर पीठ उडवलं. थोडं जास्तच उडवलं.

मालक बघायला आले. ‘आरं, हे तर जुनंच चित्र हाय बे!’

‘नीट बघा,’ रज्जाकभाई म्हणाले. ‘जाताना पीठ व्हतं का?’

मालकांनी नाक कागदाला लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ‘आयला!’ एवढंच म्हणाले आणि जाहिरातीचा कागद घडी करून खिशात घातला. मला मागाहून रज्जाकभाई म्हणाले, ‘मी न्हाई आणला त्याला. त्या द्वारकेनं आणला. मी नुसतं पीठ लावलं.’ चित्राखाली मी एक ओळ टाकली: ‘आता मागचे अंक शेवटून सुरुवातीकडं वाचत जावेत.’

त्यानंतरचा महिना विचारू नका! अख्खा जिल्हा जुने अंक शोधायला लागला. कुणी माळ्यावरचे काढले, कुणी कपाटाच्या तळाला अंथरलेले उचकटले. एका किराणा दुकानदारानं कळवलं की गिऱ्हाईक शेंगदाण्याची पुडी बांधताना ‘गिरणीचं पान आहे का बघा’ म्हणतंय, आणि पान मिळालं की शेंगदाणे विसरून जातंय. तरुण मंडळानं अभिनंदनाचा ठराव केला, शिक्का तोच. कुंकवावर नजर ठेवणाऱ्या बाईंनी नुसतं ‘आता झोप लागेल’ असं कार्ड टाकलं. आणि आष्टीच्या गुरुजींचं पत्र आलं: ‘गुण दहा. मी सर्व अंक उलटे वाचले. वायरमनच्या वेळी कापलेला एक गुणही परत करीत आहे.’ रज्जाकभाईंनी ते पत्र पाकिटात, पैशांच्या कप्प्यात ठेवलं. अजून तिथंच आहे.

‘गोदामामीची गिरणी’ चालूच आहे. मी मात्र त्यानंतर वर्षभरानं निवृत्त झाले. टपालकाकांच्या खुर्चीवर आता दुसरी एक मुलगी बसते. तिला मी तीन ढीग शिकवले आणि एक गोष्ट बजावून सांगितली: वाचकाला ‘नीट वाचा’ असं कधी म्हणायचं नाही. टोळ्या निघायच्या आत द्वारका माझ्याकडं येते, ऑफिसातून मी आणून ठेवलेला गठ्ठा घेते. बांधणी तपासते. ताजा वर, जुना खाली. ‘बरोबर हाय,’ म्हणते आणि जाते.

यंदा पाडव्याच्या आधी चार दिवस मी सकाळी ओट्याशी उभी होते, तेव्हा तिचा निरोप आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, भांड्यांचा खडखडाट, कुणीतरी गाणं म्हणत होतं.

‘काका, हंगाम संपला. निघालो आमी घरला. दुपारपत्तर बीडात येतोय, समदी टोळी हाय. तवा ठेवा!’

आयुष्यात मी हजारो उत्तरं लिहिली. नमुन्याची, टोमण्याची, समजुतीची. त्या दिवशी फोन तोंडाशी धरून ‘ठेवलाय, या,’ एवढंच म्हणाले आणि पीठ काढायला डबा उघडला.